मधेच पुसट

२ मार्च

दुकानवाला म्हणाला, प्रत्येक फोटो कसा काढला ते लिहून ठेवा, नाहीतर तीच चूक शंभरदा कराल आणि दरवेळी कॅमेऱ्याला शिव्या घालाल. दुकानवाला म्हणजे कोपऱ्यावरचा फोटो स्टुडिओ चालवणारा. वयाने माझ्या लेकीएवढा, पण शिकवायला लागला की माझा बाप होतो. असो. उभा जन्म बांधकामावर सुपरवायझर म्हणून गेला, रोजचा रिपोर्ट लिहायची सवय आहेच. निवृत्त झाल्यापासून लिहायला काही नव्हतं, आता झालं.

तर रिपोर्ट. कॅमेरा लेकीने दिलेला. लेन्स जवळच्या फोटोंची, परवा घेतली. जागा घरामागची बाग. फोटो चाळीसच्या वर. त्यांतले सहा फुलपाखराचे. बाकीच्यांत फुलपाखरू नुकतंच उडून गेलंय आणि रिकाम्या फुलाचा मात्र झकास फोटो आलाय.

संध्याकाळी टीव्हीला जोडून हिला दाखवले. ही म्हणाली, "फुलं चांगली काढता तुम्ही."

५ मार्च

आज एक धडा. ऊन चढल्यावर फुलपाखरांच्या मागे धावणं म्हणजे मूर्खपणा. सकाळी थंडीने ती आखडलेली असतात, पंख पसरून उन्हात बसतात, तेव्हा गाठायची. मी सातला बाहेर पडलो. लिंबाच्या झाडाशी एक पिवळं बसलं होतं. गुडघे टेकून पुढे सरकलो, माझी सावली त्याच्यावर पडली आणि ते गेलं. दुसरा धडा: सूर्य कुठे आहे ते आधी बघायचं, फुलपाखरू नंतर.

तिसऱ्या प्रयत्नात मिळालं. पण हिने नापास केलं.

हिच्या नापास करण्याबद्दल लिहून ठेवतो. ही तयार कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस होती. टेबलावरून शर्ट सरकत जायचे आणि ही एका नजरेत सांगायची की कुठे टाका सुटलाय, कुठे कॉलर केसभर तिरकी आहे. खडूची खूण केली की विषय संपला, मालकसुद्धा वाद घालायचा नाही. घरी मी वाद घालतो, पण हरतो. म्हणून ठरवलंय, जगाने कितीही वाहवा केली तरी हिने पास म्हटल्याशिवाय फोटो चांगला म्हणायचा नाही.

९ मार्च

गुडघ्याखाली घ्यायला जुनी उशी घेतली. फार सुख. झाडूच्या दांड्याला वर एक खिळा आणि कापडाची गुंडी लावून कॅमेऱ्याला टेकू केला. दुकानवाला बघून हसला, पण हात स्थिर राहतो हे त्याने कबूल केलं.

हिने आज चहा कपाच्या बाहेर ओतला, पुन्हा वर मलाच, "कप मधेच कशाला ठेवता?" कप होता तिथेच होता. हल्ली हिचं लक्ष नसतं. निवृत्तीनंतर माणूस ढिला पडतो असं मी बोललो आणि जे ऐकायचं ते ऐकलं.

१७ मार्च

जमलं! निळं, नखाएवढं फुलपाखरू, झेंडूवर. पंख मिटलेले. मी कॅमेरा पंखाला अगदी समांतर धरला. ही दुकानवाल्याची शिकवण: जवळून काढताना जेमतेम तांदळाएवढी जाडी स्पष्ट येते, म्हणून पंखाचा अख्खा पत्रा त्या जाडीत बसवायचा. लेन्सचं कडं गोल फिरवत बसायचं नाही, आपणच श्वास सोडत पुढे-मागे व्हायचं आणि डोळा चमकला की दाबायचं. पंखावरचा प्रत्येक खवला मोजून घ्या.

धावत आत गेलो, टीव्ही लावला. ही खुर्ची पुढे घेऊन बसली. "मोठं करा. अजून. अजून." मला वाटलं, आता पास. ही बराच वेळ मान इकडेतिकडे करत बघत होती.

"कडा सुरेख आल्यात," ही म्हणाली. "मधेच पुसट आहे."

"कुठे पुसट? बघ ना, खवले दिसतायत."

"मधे हो. जणू कुणी ओल्या बोटाने पुसलंय."

मी नाक टीव्हीला लावून बघितलं. मला काही दिसलं नाही. पण हिला दिसलं म्हणजे असणार.

२२ मार्च

पाच दिवस मधला पुसटपणा शोधतोय. भिंगाचं तोंड लहान केलं, तर उजेड कमी पडला. फ्लॅशवर पांढरा कागद चिकटवून उजेड मऊ केला. रंग सुंदर आले. निकाल तोच: कडा छान, मधे पुसट.

शिवाय आज एक नवीनच भांडण. ही स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत म्हणाली, "हे गज वाकलेत बघा. मधे पोट आलंय." ती खिडकी मी स्वतः उभी करून घेतली आहे. माझ्या घराची खिडकी वाकडी? डोकं फिरलं माझं. माळ्यावरून ओळंबा काढला, एकेका गजाला लावला. दोरी आणि गज, दोघांत सुईही जाणार नाही. काटकोनाचा गुण्या लावून चारी कोपरे दाखवले. "बघ! आता बोल!"

ही गजावरून बोट फिरवत राहिली, वरपासून खालपर्यंत. मग म्हणाली, "सरळ आहे म्हणता ना, मग असेल." इतक्या वर्षांत मी जिंकलेला हा पहिला वाद. रात्रीचं जेवण छान लागलं.

२ एप्रिल

दुकानवाला घरी आला होता. निळ्याचा फोटो बघून खुर्चीत सरळ बसला. म्हणाला, "काका, हा मला द्या. मोठा करून दुकानाच्या काचेत लावतो."

मी म्हटलं, "अजून पास झालेला नाही."

"कुणी नापास केला?"

मी हिच्याकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, "काकू, कुठे चुकलंय सांगा की." हिने टीव्हीकडे बघितलं, मग बाजूच्या भिंतीकडे, मग पुन्हा टीव्हीकडे. "मी आपलं मला दिसलं ते सांगितलं," म्हणाली आणि उठून गेली. तो गेल्यावर माझ्यावर डाफरली, की चारचौघांत मला कशाला पुढे करता. मला कळेना. एरवी चारचौघांत चूक काढायला हिला केवढा आनंद व्हायचा.

फोटो दिला नाही. दुकानवाला वैतागून गेला.

११ एप्रिल

वाघाच्या पट्ट्यांचं मोठं फुलपाखरू मिळालं. एकाच पानावर अर्धा तास बसून होतं, गुणी प्राणी.

शेजारीण फाटकाशी भेटली. तोंड फुगलेलं. म्हणे, "वहिनी रस्त्यात समोरून गेल्या, मी हसले तर बघून न बघितल्यासारखं केलं. माझं काही चुकलं का?" हिला विचारलं तर म्हणाली, "विचारात असेन." विचार कसला ते सांगितलं नाही.

शब्दकोडं सोडवणंही बंद केलंय हिने. कंटाळा आला म्हणे. हल्ली सकाळी पेपर मला मोठ्याने वाचायला लावते. "तुमचा आवाज बरा आहे," म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, आवाजाबद्दल पहिल्यांदाच कुणी चांगलं बोललं. मी आता अग्रलेखसुद्धा वाचून दाखवतो.

२० एप्रिल

डोकं लढवलं. दोष मधे आहे ना? मग फुलपाखरू मधे ठेवायचंच नाही. पट्टेवालं चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात घेतलं, मधे नुसतं फूल.

ही खुर्चीत बसली. कोपऱ्याकडे बघून म्हणाली, "फुलपाखराचं डोकं पुसट आहे."

"ते आता कोपऱ्यात आहे! मधलं फूल कसंय?"

हिने फुलाकडे बघितलं. "आता फूल पुसट झालं. फुलपाखरू बरं दिसतंय."

मी फार चिडलो. "एकदा हे पुसट, एकदा ते पुसट! फोटो बदलतो का बघता बघता?"

"मला काय माहीत?" हिचा आवाज चढला. "नाचता येईना अंगण वाकडं. लेन्स दाखवून या एकदा."

त्यात तथ्य असावं. लेन्समधेच बिघाड आहे. उद्या दुकानात नेतो.

२१ एप्रिल

दुकानवाल्याने लेन्स उजेडात धरली, फुंकर मारली, फिरवून बघितली. एकदम स्वच्छ. तरी माझं समाधान होईना, तेव्हा म्हणाला, "काका, जुना उपाय सांगतो. वर्तमानपत्राचं पान भिंतीला सपाट चिकटवा आणि समोरून फोटो काढा. बारीक अक्षरं मधे आणि चारी कोपऱ्यांत सारखी वाचता आली की लेन्स पास."

मला पटलं. हे ओळंब्यासारखंच झालं.

२२ एप्रिल

आजचं लिहायलाच हवं.

सकाळी पान भिंतीला लावलं. चारी बाजू मोजून कॅमेरा बरोबर समोर ठेवला. फोटो काढला, टीव्हीवर घेतला. मधलं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. हिला बसवलं.

"आता सांग. कुठे पुसट आहे?"

"मधली चार-पाच अक्षरं नाहीतच," ही म्हणाली. "आणि ओळी खाली झुकल्यात. कागद नीट ताणला नाही तुम्ही."

कागद मी ताणला होता. मी उठलो, भिंतीवरचं पान सोडवलं आणि हिच्या हातात दिलं. का दिलं ते माहीत नाही. चूक कुठे आहे ते शोधताना साइटवर मी हेच करायचो, एकेक वस्तू बाजूला काढत जायचं. आता कॅमेरा बाजूला काढला, लेन्स बाजूला काढली, टीव्ही बाजूला काढला.

"आणि यात?" मी विचारलं.

हिने पान जवळ धरलं, लांब धरलं, तिरकं धरलं. मग मांडीवर ठेवून त्याची घडी घातली.

"यातही," म्हणाली.

खिडकीचे गज, चहाचा कप, शेजारीण, अग्रलेख. सगळं एकदम समोर उभं राहिलं. मी म्हटलं, "अगं, बोलली का नाहीस?"

"बोलले की. रोज सांगत होते, मधे पुसट दिसतंय म्हणून. मला खरंच वाटत होतं की फोटोच तसे आहेत." मग घडीवरून बोट फिरवत म्हणाली, "नंतर नंतर नव्हतं वाटत."

२४ एप्रिल

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई पोक्त आहेत, घाई करत नाहीत. हिच्या डोळ्यांत थेंब घातले, मग एका यंत्रासमोर हनुवटी टेकवून आतल्या पडद्याचा फोटो काढला. यंत्राच्या स्क्रीनवर नारिंगी गोल उमटला, त्यात बारीक शिरा. मनात पहिला विचार आला तो असा, की काय स्वच्छ फोटो आलाय, उजेड किती सारखा पसरलाय. मला माझीच लाज वाटली. कारण त्या फोटोत मधोमध खरोखरच डाग होता.

बाईंनी नीट समजावलं. डाव्या डोळ्याच्या पडद्यावर मधेच व्रण झालाय, तो जुना, त्याला आता इलाज नाही. उजवाही बरेच दिवस हळूहळू विरत होता, आणि आता त्याच्या पडद्याखाली पाणी झिरपायला लागलंय. ते ताजं आहे. डोळ्यात इंजेक्शनं द्यायची, दर महिन्याला. झिरपणं थांबलं तर आहे ती नजर राहील. नाही थांबलं तर चालता-फिरता येईल, पण अक्षर आणि माणसाचा चेहरा दिसणार नाही.

"सरळ रेषा वाकड्या कधीपासून दिसायला लागल्या?" बाईंनी विचारलं. "त्यात दिवस महत्त्वाचे असतात."

ही माझ्याकडे न बघता म्हणाली, "नक्की आठवत नाही."

मी म्हणालो, "बावीस मार्च." बाईंनी लिहून घेतलं. मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

२५ एप्रिल

मी हिच्यावर चिडलोय आणि स्वतःवर जास्त. लेकीला फोन करून सांगितलं, ती रडली, मग मलाच धीर द्यायला लागली.

हिला विचारलं, डावा डोळा जाईपर्यंत ताकास तूर लागू दिली नाहीस, हे काय वागणं? म्हणाली, "एका डोळ्याने भागत होतं. मग उजवाही अंधुक व्हायला लागला, म्हटलं वय झालं. आणि खरं सांगू? भीती वाटली. डोळ्यावरच तर पोट भरलं मी. तपासनिसाची नजर गेली तर मागे उरतं काय?"

मी म्हटलं, "मी नवरा आहे तुझा, मला काय तुझी नजर पगारावर ठेवायचीय?" फार कडू निघालं. पण ही हसली.

मी रोज हिच्याशेजारी बसून टीव्हीवर फुलपाखरांचे डोळे बघत होतो. हिचे बघितले नाहीत.

३० एप्रिल

पहिलं इंजेक्शन. मला बाहेर बसवलं. बाकावर बसून मी समोरच्या फरशा मोजत होतो. ही बाहेर आली ती डोळ्यावर पट्टी घेऊन, आणि म्हणाली, "तुमचाच चेहरा पांढरा पडलाय असं नर्स म्हणतेय. दुखलं मला की तुम्हाला?"

बाईंनी चौकटींचं एक कार्ड दिलंय. रोज एकेक डोळा झाकून त्यावर बघायचं, रेषा जास्त वाकल्या तर लगेच यायचं. कार्ड फ्रीजच्या दारावर लावलं. ही रोज सकाळी बघते आणि मी शेजारी उभा राहून निकालाची वाट बघतो.

१६ मे

कॅमेऱ्याला हात लावलेला नाही. बागेत फुलपाखरांची चंगळ चाललीय, लिंबाच्या पानांची अळ्यांनी चाळणी केली. मी बघून आत येतो. ही म्हणाली, "रुसलात का कॅमेऱ्यावर? त्या बिचाऱ्याने काय केलं?" मी म्हटलं, इच्छा नाही. "माझ्या नावावर खपवू नका," म्हणाली, "आळस आहे तो."

दुकानवाल्याला सगळं सांगितलं. तो घरी आला, हिच्या पायाशी बसला आणि गप्पा मारून गेला. निळ्या फुलपाखराचा फोटो मागितला नाही. मीच पाठवून दिला.

४ जून

दुसरं इंजेक्शन झालं. कार्डावरच्या रेषा जरा सरळ झाल्या असं ही म्हणते. मला खरं वाटत नाही. मला बरं वाटावं म्हणून म्हणत असेल. आता हिच्या कुठल्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा हाच प्रश्न आहे.

स्वयंपाकघरात कपांच्या काठाला गडद रंगाचा पट्टा मारला, बाईंनी सुचवलं होतं. पायऱ्यांच्या कडांनाही मारला. चहा बाहेर जात नाही. ही म्हणाली, "साइट चालू झाली वाटतं पुन्हा."

९ जुलै

तिसरं इंजेक्शन. पुन्हा पडद्याचा फोटो. बाईंनी जुना आणि नवा शेजारी शेजारी लावले. बाई म्हणाल्या, झिरपणं थांबलंय. जे विरलं ते परत येणार नाही, मधला डाग राहणारच, पण वाढत नाहीये. तपासणी आणि लागेल तसं इंजेक्शन मात्र चालू ठेवायचं.

बाहेर आल्यावर मी रस्त्याच्या कडेला उभा राहून रडलो. भर दुपारी, येणारे-जाणारे बघत होते. ही माझा हात धरून उभी होती. म्हणाली, "पुरे आता. लोकांना वाटेल माझं काहीतरी झालं."

२६ जुलै

बाईंनी हिला एक युक्ती शिकवलीय. जे बघायचं त्याच्याकडे सरळ बघायचं नाही, जरा बाजूला नजर ठेवायची, म्हणजे ती वस्तू डागातून बाहेर येते. शिवाय वस्तू जितकी मोठी तितकी सोपी. ही रोज सराव करते. घड्याळ जमलं, भाजीवाला ओळखता आला. शेजारीणही ओळखली, तिच्या चालीवरून.

१ ऑगस्ट

आज हिने फर्मान काढलं. "कॅमेरा काढा."

"फुलपाखरं सकाळी—"

"फुलपाखरं झाली बघून. तुमचा काढा. जवळून."

"माझा? माझं काय बघायचंय?"

"ते मी बघेन. दाढी करू नका, आहात तसे या."

अंगणात खुर्ची टाकली. कॅमेरा समोर ठेवून टायमर लावला. पहिल्या फोटोत मी हललो. दुसऱ्यात डोळे मिटले. आपला स्वतःचा फोटो काढणं फुलपाखरापेक्षा अवघड आहे. सूर्य डावीकडे, पांढऱ्या कागदाने उजवीकडे उजेड टाकला, श्वास सोडून थांबलो. हा बरा आला.

टीव्हीवर घेतला. माझा चेहरा एवढा मोठा मी कधी बघितला नव्हता, खरं तर नको वाटला. हिने खुर्ची अगदी टीव्हीजवळ ओढली. मी पुढे मोठं करत गेलो, ही हाताने थांब म्हणायची. नजर बाजूच्या भिंतीवर ठेवून ही वरच्या कोपऱ्यापासून सुरू झाली, कापडाचा तागा तपासतात तशी, एकेक हात पुढे.

"कपाळावर ही खूण कसली?"

"लिंबाच्या काट्याची. एप्रिलमधली."

"हं. कानात केस आलेत, कापत जा." मग पुढे सरकली. एकदम थांबली. थोडी उजवीकडे झाली, थोडी डावीकडे झाली.

"ही भुवई पांढरी झाली? अख्खी?"

"हो."

"कधी?"

"झाली की दीड-दोन वर्षं."

ही तिथून हलली नाही. मी पुढचा भाग दाखवायला गेलो तर माझा हात धरला.

"थांबा," म्हणाली, "अजून बघून झालं नाही माझं."